पुरानंतरची गृहशुद्धी

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत सुरत येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



महोत्सवाच्या प्रसंगी वक्त्याने संस्थेच्या पूर्वजांचे स्मरण करावे, देणगीदारांचे आभार मानावे आणि पुढील पिढीस चार उपदेशाचे शब्द सांगावे, असा आपल्याकडील प्रघात आहे. तो उत्तमच आहे, आणि ते काम आमच्याआधी बोललेल्या मंडळींनी यथास्थित केलेही आहे. म्हणून आम्ही आज एक अगदी साधा, किंबहुना काहींना नीरस वाटेल असा विषय घेतला आहे. तो म्हणजे पुराचे पाणी घरातून गेल्यावर मागे राहणारी ओल, त्या ओलीवर वाढणारी बुरशी, आणि तिच्याबरोबर घरात मुक्काम ठोकणारे रोगजंतू. पूर येतो तेव्हा धावून जाणारे पुष्कळ असतात. खिचडी शिजते, पाण्याच्या बाटल्या वाटल्या जातात, आणि ते योग्यच आहे. परंतु पूर ओसरून दोन महिने झाल्यावर तळमजल्याच्या खोलीत भिंतीशी टेकून निजणारे मूल रात्रभर का खोकते, हे विचारण्यास मात्र कोणी येत नाही. ज्या शहरात आपण राहतो त्या शहरात तरी हा प्रश्न कोणीतरी विचारलाच पाहिजे.

आपल्यापैकी पुष्कळांची मूळ गावे खानदेशात आहेत. मुलताईस उगम पावलेली तापी भुसावळ, जळगाव, धुळे, नंदुरबार या आपल्याच मुलखातून वाहत येते, उकाईच्या धरणात विसावते आणि मग सुरतेस येऊन समुद्रास मिळते. गावाकडे जिला आपण आई म्हणून ओटी भरतो, तीच इथे दाराशी येते. सुरती माणूस पुराला ‘रेल’ म्हणतो. ‘रेल आवी’ हे दोन शब्द इथल्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडून ऐकले म्हणजे त्यामागे किती आठवणी आहेत, ते कळते. १९६८ च्या ऑगस्टमध्ये, उकाईचे धरण पुरे होण्यापूर्वी, नदीने सबंध शहर बुडवले. १९७२ साली धरण पुरे झाले तेव्हा रेल आता इतिहासजमा झाली असे अनेकांस वाटले. तसे घडले नाही. १९९८ साली पुन्हा पाणी आले. आणि २००६ च्या ऑगस्टमध्ये मध्य प्रदेश व महाराष्ट्रातील वरच्या खोऱ्यात मुसळधार पाऊस झाल्यामुळे उकाईतून सुमारे ९ लाख क्युसेकपर्यंत पाणी सोडावे लागले. ७ ऑगस्टपासून पाणी चढू लागले, ९ तारखेची राखीपौर्णिमा लोकांनी गच्चीवर काढली, आणि शहराचा सुमारे तीनचतुर्थांश भाग पाण्याखाली गेला. शंभराहून अधिक माणसे दगावली. अडाजण, रांदेर, कतारगाम, नानपुरा या भागांत तळमजलेच्या तळमजले बुडाले.

मोठी रेल दहावीस वर्षांनी येते, म्हणून ती विसरता येते. परंतु लिंबायत, पर्वत पाटिया, गोडादरा या ज्या वस्त्यांतून मराठी कुटुंबे दाटीने राहतात, तेथे तापी न चढताही पाणी येते. मिठी खाडी फुगली की गटाराचे पाणी घेऊन ती घरात शिरते. लोक त्यास ‘खाडीपूर’ म्हणतात. २०२५ च्या जून महिन्यातही शहराने तो अनुभव घेतला. तेव्हा आम्ही बोलत आहोत ते गेल्या पिढीच्या एखाद्या संकटाविषयी नाही. पावसाळा आला की ज्यांच्या पोटात गोळा येतो अशी कुटुंबे या सभागृहात बसलेली आहेत.

स्वच्छतेची हयगय किती महाग पडते हे सुरतेइतके दुसऱ्या कोणत्या शहरास ठाऊक असेल? १९९४ च्या सप्टेंबरात तापीचे पाणी ओसरले, कचरा आणि मेलेली जनावरे रस्त्यांवर पडून राहिली, आणि पाठोपाठ प्लेगची बातमी आली. पन्नासावर माणसे गेली, पण लाखो लोक शहर सोडून पळाले. आपल्यातीलही कित्येक कुटुंबे मिळेल त्या गाडीने खानदेशात परतली. पुढे मे १९९५ मध्ये श्री. एस. आर. राव हे महापालिकेचे आयुक्त झाले, आणि त्यांच्या कारकिर्दीत या शहराने झाडू हातात घेतला तो अजून खाली ठेवलेला नाही. २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात सुरतेस इंदूरच्या बरोबरीने देशात पहिला क्रमांक मिळाला. रस्त्यांची शुद्धी या शहराने जगास दाखवून दिली. आता राहिली ती घरातील, उंबऱ्याच्या आतील शुद्धी. ती कोणत्याही आयुक्तास करता येणार नाही. ती आपणांसच करावी लागेल.

आता मुख्य विषयाकडे वळू. बुरशी म्हणजे काय? शिळ्या भाकरीवर, लोणच्याच्या बरणीत, पावसाळ्यात चामड्याच्या चपलेवर जी पांढरी, हिरवी किंवा काळी लव येते तीच भिंतीवरही येते. तिचे बीज म्हणावे असे अत्यंत सूक्ष्म कण हवेत सदैव तरंगत असतात. आपण या क्षणी जो श्वास घेत आहोत त्यातही ते आहेत. ते रुजण्यास तीन गोष्टी लागतात. एक अन्न, दुसरी ऊब आणि तिसरे पाणी. अन्न घरात भरपूर असते. लाकूड, प्लायवूड, पुठ्ठा, कापूस, भिंतीच्या रंगातील सरस, पुरासोबत आलेला गाळ, हे सारे तिचे खाद्य. ऊब तर सुरतेत बाराही महिने आहे. तेव्हा अन्न आपण तोडू शकत नाही, ऊब काढून घेऊ शकत नाही, हवेतील बीज वेचू शकत नाही. आपल्या हाती उरते ते एकच, आणि ते म्हणजे पाणी. बुरशीवरील सर्व उपायांचे सार या एका वाक्यात आहे: भिंत कोरडी असेल तर बुरशी जगत नाही, आणि भिंत ओली असेल तर कोणतेही औषध टिकत नाही.

भिजलेली वस्तू २४ ते ४८ तासांत कोरडी झाली तर तिच्यावर बुरशी सहसा धरत नाही, असा या विद्येतील जाणकारांचा नियम आहे. परंतु आपल्या रेलचे पाणीच दोनतीन दिवस घरात उभे राहते, आणि ओसरल्यावरही ऑगस्टची हवा अशी दमट असते की दोरीवरचा सदरा दोन दिवसांत वाळत नाही. म्हणजे हा नियम आपल्या हातून बहुधा पाळला जाणार नाही, हे आधीच ओळखून चालले पाहिजे. बुरशी येणार असे धरूनच कामाला लागावे.

कामाचा क्रम फार महत्त्वाचा आहे. कष्ट सर्वच करतात; क्रम चुकला की कष्ट वाया जातात. तो क्रम असा.

प्रथम वीज. पाणी ओसरलेल्या घरात शिरताना मुख्य बटण बंद आहे याची खात्री करावी, आणि जाणत्या वायरमनने तपासल्याशिवाय ते चालू करू नये. भिजलेल्या खोलीत मोटार किंवा पंखा लावण्याच्या घाईत प्राण गमावण्याचे प्रकार पुरानंतर होतात.

दुसरा गाळ. तापीचा गाळ बारीक व चिकट असतो. तो ओला असतानाच फावड्याने व घमेल्याने काढावा. एकदा वाळला की तो खडकासारखा बसतो आणि त्याची धूळ उडून छातीत जाते. काढलेला गाळ गटारात लोटू नये. गटार तुंबले की पुढच्या सरीस तेच पाणी पुन्हा आपल्या दारात येते. तो रस्त्याच्या कडेस महापालिकेच्या गाडीसाठी रचून ठेवावा.

या कामात पायात गमबूट आणि हातात रबरी मोजे असलेच पाहिजेत. पुराच्या पाण्यात उंदरांचे मूत्र मिसळलेले असते, आणि त्यातील जंतू पायाच्या एखाद्या चिरेतून शरीरात शिरून लेप्टोस्पायरोसिस नावाचा ताप आणतात. दक्षिण गुजरातेस या तापाची जुनी ओळख आहे. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्यानंतर तेथेही या तापाने पुष्कळांस गाठले. गाळ उपसलेल्या माणसास आठपंधरा दिवसांत ताप, अंगदुखी, डोळे लाल होणे अशी लक्षणे दिसल्यास, आपण पुराच्या पाण्यात काम केले होते हे त्याने डॉक्टरांस आवर्जून सांगावे. आधीच प्रतिबंधक औषध घ्यावे की नाही, तेही त्यांनाच विचारावे.

तिसरा त्याग. हा शब्द आम्ही विचारपूर्वक वापरतो. आपल्या घरात वस्तू टाकवत नाही. परंतु ज्या वस्तूच्या आतपर्यंत घाण पाणी मुरले आणि जी उकळता किंवा घासता येत नाही, ती घरात ठेवणे म्हणजे बुरशीचे बियाणे जपणे होय. प्लायवूडची व भुशाच्या फळीची फुगलेली कपाटे, छताला लावलेले प्लास्टरचे तक्ते, पुठ्ठ्याची खोकी आणि कापसाच्या गाद्या या सर्वांस निरोप द्यावा. गादीबाबत भगिनींचा आग्रह असतो की कापूस उन्हात वाळवून, पिंजून पुन्हा भरून घेऊ. तसे करू नये. वरून कापूस कोरडा लागतो, पण गटाराच्या पाण्यातील घाण त्यात तशीच राहते, आणि पिंजताना तीच सबंध घरात उडते. गोधडीची गोष्ट निराळी. ती पातळ असते, कढत पाण्यात साबणाने धुता येते, दोन्ही बाजूंनी कडक उन्हात वाळवता येते. आजीची गोधडी वाचवा, गादी मात्र जाऊ द्या. स्टील, काच, चिनी माती, जाड सागवानी लाकूड, प्लास्टिक या वस्तूही धुऊन पुसून वापरता येतात.

धान्याविषयी एक शब्द. पुरात भिजून बुरशी लागलेले गहू, ज्वारी, मका, शेंगदाणे वाळवून दळून खाण्याचा मोह गरिबीत होतो. बुरशी झटकली जाते, पण काही जातींच्या बुरशीने दाण्यात सोडलेले विष धुण्याने वा भाजण्याने जात नाही. १९७४ साली आपल्या पंचमहाल जिल्ह्यात व राजस्थानातील बांसवाडा भागात बुरशीचा मका खाल्ल्याने शंभराहून अधिक माणसे मरण पावली. असे धान्य जनावरांसही घालू नये.

चौथे धुणे, आणि त्यानंतरच पाचवे जंतुनाशन. येथे बहुतेकांची गल्लत होते. गाळ काढला की लोक लगेच ब्लीचिंग पावडर फवारतात आणि तिचा वास आला की घर शुद्ध झाले असे समजतात. पावडरीतील क्लोरीन घाणीवरच खर्च होते. जंतूंपर्यंत पोहोचण्याइतके ते उरत नाही. म्हणून आधी साबणाच्या पाण्याने घासून, स्वच्छ पाण्याने धुऊन घ्यावे आणि मग औषध लावावे. फरशी, लाद्या, मोरी, धातूची भांडी अशा कठीण पृष्ठभागांस बाजारात मिळणारे हायपोक्लोराइटचे द्रावण एका भागास पंधरासोळा भाग पाणी या प्रमाणात पुरेसे होते. जमिनीखालील पाण्याची टाकी पूर्ण उपसून, घासून, पुन्हा भरावी, आणि हजार लिटरास सुमारे दीडशे ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर टाकून दिवसभर ठेवावे. मग ते पाणी सोडून द्यावे आणि टाकी नव्याने भरावी. तोवर पिण्याचे पाणी उकळूनच घ्यावे.

येथे एक धोक्याची सूचना द्यावयाची आहे. ती प्रत्येक गृहिणीने ध्यानात ठेवावी. ब्लीचिंग पावडर किंवा हायपोक्लोराइट आणि संडास किंवा फरशी धुण्याचे ॲसिड ही दोन कधीही एकत्र करू नयेत. त्यातून विषारी वायू निघतो, आणि बंद मोरीत तो जिवावर बेतू शकतो. अमोनिया असलेल्या द्रावणांशीही हे औषध मिसळू नये. तसेच खोली वाळावी म्हणून दारे लावून आत कोळशाची शेगडी पेटवून ठेवू नये, किंवा जनित्र घरात चालवू नये. त्यातून निघणाऱ्या वायूस वास नसतो, आणि माणूस झोपेतच जातो.

भिंतीवर बुरशी दिसू लागली असेल तर कोरड्या खराट्याने ती झाडू नये. झाडल्याने तिचे लक्षावधी कण हवेत उडतात आणि शेजारच्या खोलीत जाऊन बसतात. आधी साबणाच्या पाण्याने ती भिजवावी, मग घासावी, फडक्याने टिपून घ्यावी, आणि ते फडके बंद पिशवीत घालून टाकून द्यावे. नाकाला रुमाल बांधून हे काम भागत नाही. डॉक्टर वापरतात तसा एन-९५ मास्क हवा. दमेकरी, मधुमेही, गरोदर स्त्रिया, लहान मुले आणि अतिवृद्ध माणसे यांनी त्या खोलीत त्या वेळी थांबू नये. काही जण म्हणतात की औषध मारले, बुरशी मेली, आता घासायचे कशाला? परंतु मेलेली बुरशीही श्वासातून गेल्यास शिंका आणि दमा आणू शकते. म्हणून तिला नुसते मारून भागत नाही, तिला घराबाहेर काढावी लागते.

कोरोनाच्या साथीत २०२१ साली गुजरातेत व महाराष्ट्रात ‘काळी बुरशी’ या नावाने जो भयंकर रोग पसरला, त्यामुळे भिंतीवर काळा डाग दिसला की लोक घाबरतात. तो रोग वेगळ्या जातीच्या बुरशीचा होता, आणि मुख्यतः अनियंत्रित मधुमेह असलेल्या व स्टेरॉइड औषधे घेतलेल्या रुग्णांस झाला. भिंतीवरील काळा डाग म्हणजे तो रोग नव्हे. पण याचा अर्थ डाग निरुपद्रवी आहे असाही नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली घरातील ओल व बुरशी यांविषयी मार्गदर्शन प्रसिद्ध केले. त्यात ओलसर घरात राहणाऱ्यांस खोकला, छातीत घरघर, दमा यांचा त्रास अधिक होतो असे स्पष्ट म्हटले आहे. अमुक इतकी बुरशी चालेल अशी मर्यादा मात्र त्यात घालून दिलेली नाही; ओलच हटवा, असाच त्याचा रोख आहे. काळी, हिरवी की पांढरी, हे पाहत बसण्याचे कारण नाही. रंग कोणताही असो, उपाय एकच.

आता सहावी पायरी, वाळवणे. हीच सर्वांत लांब आणि सर्वांत दुर्लक्षित. विटांची भिंत ही स्पंजासारखी असते. पाणी जिथपर्यंत चढले त्याच्याही वर ती ओल शोषून घेते. अशी भिंत वाळण्यास जाडीच्या दर इंचास सुमारे एक महिना लागतो, असा बांधकामातील जुन्या लोकांचा ढोबळ हिशेब आहे. आपल्या घरांची भिंत साधारण नऊ इंची. दोन्ही बाजू मोकळ्या असल्या तर चारसाडेचार महिने, एकच बाजू मोकळी असेल तर त्याच्या दुप्पट. त्यातून आपल्याकडे पावसाळा संपेपर्यंत वाळण्याचे काम जवळजवळ सुरूच होत नाही. म्हणजे ऑगस्टात बुडालेले घर खऱ्या अर्थाने वाळते ते संक्रांत उलटून गेल्यावर.

२००६ साली रेल ऑगस्टमध्ये आली आणि दिवाळी २१ ऑक्टोबरला होती. त्या अडीच महिन्यांत शहरातील कितीतरी घरांना झकास ऑइल पेंट व प्लास्टिक पेंट लागले. त्यामागची भावना आम्हांस समजते. ज्याचे सर्वस्व चिखलात गेले त्यास आपले घर पुन्हा उजळलेले पाहावेसे वाटणारच. परंतु असा रंग म्हणजे ओल्या भिंतीस घातलेला रबरी अंगरखा. आतील पाणी बाहेर पडू शकत नाही. ते रंगाच्या मागे साचते, क्षार घेऊन पृष्ठावर येते, भिंतीला लोणा लागतो, पोपडे सुटतात आणि रंगाच्या फोडांमागे बुरशी सुखाने नांदते. त्या हिवाळ्यात आम्ही ज्या खोल्यांतून फिरलो त्यांत कुबट वास आणि नवा रंग हे दोन्ही एकत्र आढळले. रंगाचा खर्च पाण्यात गेला, होळीनंतर तो खरवडून पुन्हा करावा लागला, आणि दरम्यानचे औषधपाणी वेगळेच.

मग दिवाळीला घर तसेच काळवंडलेले ठेवावे काय? मुळीच नाही. आपल्या आजोबांच्या काळी दिवाळीआधी घरास चुना लावीत, तो निव्वळ शोभेसाठी नव्हे. चुना भिंतीस श्वास घेऊ देतो. ओल त्यातून आरपार निघून जाते. शिवाय ताजा चुना इतका तीव्र क्षारधर्मी असतो की त्यावर बुरशीचे बीज रुजत नाही. हवेतील कार्बनवायू घेऊन हा क्षारगुण हळूहळू उतरतो, म्हणूनच तो दरवर्षी लावण्याची रीत पडली. मात्र त्यात सरस, खळ किंवा गोंद मिसळू नये; ते बुरशीचे अन्न आहे. तेव्हा पुराच्या वर्षापुरता आमचा सल्ला इतकाच की दिवाळीला चुना आणि होळीला रंग. ही ओळ घरात कॅलेंडरवर लिहून ठेवली तरी या व्याख्यानाचे सार्थक झाले असे आम्ही मानू.

भिंत वाळली की नाही हे कसे ओळखावे? हाताने चाचपून ते कळत नाही. दीड फूट लांब व दीड फूट रुंद असा पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा घ्यावा, भिंतीवर चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट बसवावा, आणि एक दिवस तसाच ठेवावा. दुसऱ्या दिवशी आतील बाजूस दवाचे थेंब दिसले, किंवा त्याखालची भिंत गडद झाली, तर भिंत अजून ओली आहे. रंगाऱ्यास परत पाठवावे. या परीक्षेस दहा रुपयेही लागत नाहीत, आणि ती हजारोंचा रंग वाचवते. वाळणे लवकर व्हावे म्हणून गिलावा ठोकून पाहावा. पोकळ वाजेल तेथील काढून टाकावा. कपाटे भिंतीपासून वीतभर दूर ठेवावीत. कोरड्या, उन्हाच्या दिवशी समोरासमोरच्या खिडक्या उघड्या टाकाव्यात. पावसाच्या दिवशी मात्र त्या उघड्या ठेवून उपयोग नाही, कारण बाहेरची हवा आतल्याहून ओली असते. पंखा लावावा, पण बुरशी पुसून काढल्यानंतर. आधी लावल्यास तो बुरशीच वाटत फिरतो.

संस्थेशी संबंधित म्हणून पुस्तके व दप्तर यांचाही उल्लेख करतो. ४ नोव्हेंबर १९६६ रोजी इटलीतील फ्लॉरेन्स शहरात आर्नो नदीचा पूर आला आणि तेथील राष्ट्रीय ग्रंथालयातील लाखो ग्रंथ चिखलात गेले. देशोदेशीचे तरुण तेथे जमले आणि रांगा करून हातोहात पुस्तके बाहेर काढू लागले. लोकांनी त्यांस ‘चिखलातील देवदूत’ असे नाव दिले. आपल्या चिपळूणचे लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर २००५ व २०२१ अशा दोन पुरांतून गेले. ओले पुस्तक जोराने उघडू नये, उन्हात टाकू नये. पानांमध्ये कोरे शोषक कागद घालून, ते वारंवार बदलून, सावलीत वाऱ्यावर वाळवावे. पुस्तके फार असतील तर ती पिशव्यांत घालून शीतगृहात गोठवून ठेवता येतात. गोठलेल्या पानावर बुरशी वाढत नाही, आणि सवडीने एकेक वाळवता येते. अर्थात सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे संस्थेची दप्तरे, सभासदपत्रके व जुनी छायाचित्रे वरच्या मजल्यावर ठेवणे.

शेवटी विश्वस्त मंडळींस एक नम्र विनंती. मालकीचे घर असणारा माणूस आज सांगितलेले सारे करू शकतो. परंतु लूमच्या कामावर जाणारा, तळमजल्याची एक खोली भाड्याने घेऊन राहणारा आपला बांधव काय करील? दोन दिवस काम बुडाले तर त्याची चूल बंद होते. तो गाळ उपसून त्याच ओल्या फरशीवर संसार मांडतो. मालक रंगाचा एक हात मारून भाडे सुरू करतो, आणि मुलाच्या खोकल्याचे औषध वर्षभर चालते. त्यास ‘गादी टाकून दे’ असे सांगण्याचा अधिकार आपणांस केव्हा पोहोचतो? त्याच्या हाती दुसरी गादी दिली तरच. म्हणून या महोत्सवाच्या निधीतून काही भाग वेगळा काढावा. त्यातून पाणी उपसण्याचे एकदोन पंप, फावडी, घमेली, गमबूट, मोजे, मास्क हे सामान विकत घेऊन वरच्या मजल्यावर ठेवावे. दरवर्षी आखाजीला, म्हणजे पावसाळ्याच्या आधी महिनाभर, ते काढून तपासावे, आणि त्याच दिवशी पंधरावीस तरुणांस या कामाचा क्रम शिकवावा. पुरानंतर गरजू कुटुंबांस नव्या गाद्या व चुन्याच्या पिशव्या द्याव्यात. आणि संक्रांतीनंतर त्याच खोल्यांत पुन्हा जाऊन, प्लास्टिकचा तुकडा लावून, भिंत वाळली की नाही ते पाहावे. पहिली भेट सर्वच देतात. ही दुसरी भेट आपल्या संस्थेने द्यावी. घरमालकांशीही गोडीने बोलावे. घाईने दिलेला रंग त्यांच्याच भिंतीचे नुकसान करतो, हे पटले की तेही ऐकतात.

सभागृहास महोत्सवानिमित्त नवा रंग द्यावा, अशी सूचना पुढे आली आहे असे आम्ही ऐकतो. सूचना चांगली आहे. आमचे म्हणणे इतकेच की एक वर्ष सभागृहास पांढरा चुना पुरे. त्या रंगाच्या पैशांत निदान पंप आणि गमबूट तरी येतील. ज्यांनी ही संस्था उभी केली त्यांनी ती रंगीत भिंतींसाठी उभी केली नव्हती, परमुलखात आलेल्या आपल्या माणसास पाठीवर हात ठेवणारे कोणी असावे म्हणून उभी केली.